घरी गणितं सुटतात पण पेपरात मार्क जातात, ते नक्की कुठे जातात?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की दहावीत आहेस, घरी बसून सोडवलं की बहुतेक गणितं सुटतात, वर्गात विचारलं तरी उत्तर येतं, पण ८० मार्कांच्या पेपरात ५५-६० च्या वर गाडी सरकत नाही. वेळ पुरत नाही, आणि तपासलेला पेपर हातात आला की सगळीकडे सिली मिस्टेक्स दिसतात. "अजून किती प्रॅक्टिस करू" असं तू विचारलंयस, आणि शेवटी आदल्या दिवशी काय करावं हेही.

मी बरीच वर्षं हाच विषय शिकवतोय आणि पेपरही तपासत आलोय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघून सांगतो. तुझी अडचण प्रॅक्टिस कमी पडते ही नाहीये असं मला तू लिहिलंयस त्यावरून वाटतं. तुला गणित येतं, पण ते येतंय हे कागदावर दिसत नाही, आणि तुझे मार्क नेमके कुठे गळतात हे तुलाच माहीत नाही. सगळ्याला मिळून "सिली मिस्टेक" म्हटलं की विषय संपतो, पुढच्या वेळी "नीट लक्ष देईन" असं ठरवायचं आणि पुन्हा तेच. लक्ष देईन हा काही उपाय नाही, कारण चूक होत होती तेव्हाही लक्ष होतंच की.

आधी काही गोष्टी ज्या परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या सांगून टाकतो. कॅल्क्युलेटर चालतो का, सूत्रं पेपरातच छापून देतात का, स्टेपला मार्क आहेत की फक्त उत्तराला, चुकलेलं उत्तर पुढच्या उपप्रश्नात वापरलं तर पुढचे मार्क मिळतात का, हे प्रत्येक परीक्षेत वेगळं असतं. तुझ्या परीक्षेची मार्किंग स्कीम किंवा आदर्श उत्तरपत्रिका मिळत असेल तर ती आणून एकदा नीट वाच, अगदी धडा वाचावा तशी. बहुतेक मुलं ती फक्त उत्तर बरोबर आलं का हे बघायला उघडतात, पण त्यात बघायचं असतं ते हे की अर्धा मार्क, एक मार्क कुठल्या ओळीला दिलाय. मी पुढे जे लिहितोय ते स्टेपला मार्क असतात असं धरून लिहितोय.

दुसरं म्हणजे, तुला खरंच गणित येतं का हे पण तपासून घेऊ. याची चाचणी सोपी आहे. मागचे दोन-तीन तपासलेले पेपर काढ, जिथे जिथे मार्क गेलेत ते प्रश्न कोऱ्या कागदावर परत सोडव, पुस्तक बंद, वही बंद, पण घड्याळ लावू नकोस. जे सुटले ते तंत्राचे मार्क, आणि ते परत मिळवणं तुलनेने सोपं आहे. जे आताही सुटले नाहीत ते तुला येत नाहीत, तिथे परीक्षेचं कुठलंही तंत्र कामाला येणार नाही, तो भाग शिकावाच लागेल. आणि त्यातही बघ, अडलं कुठे. पुष्कळदा दहावीचं गणित अडतं ते सातवीच्या अपूर्णांकात नाहीतर वजाच्या कंसात. तसं असेल तर आठवडाभर फक्त तेच कर, त्यात कमीपणा काही नाही.

आता जे मार्क तंत्राचे गेलेत त्यांना नाव दे. माझ्या विद्यार्थ्यांना मी सिली मिस्टेक हा शब्द वापरूच देत नाही, चुकीसमोर लिहायचं की नेमकं काय झालं: प्रश्नातून आकडा चुकीचा उतरवला, रफमधून फेअरमध्ये उतरवताना बदलला, वजाचं चिन्ह गेलं, विचारलं एक काढलं दुसरं, एकक राहिलं, स्टेप गाळली, प्रश्न सोडून दिला, वेळ संपला. तीन पेपरांची अशी यादी केलीस की दिसेल की तुझ्या चुका सगळीकडे विखुरलेल्या नाहीयेत, दोन-तीन प्रकारच परत परत येतात. मी बघितलेल्या पेपरांमध्ये उतरवण्याच्या चुका सगळ्यात जास्त असतात, त्या खालोखाल चिन्हाच्या. पण तुझी यादी तुझी, ती बघूनच ठरव की पुढचं काय तुला लागू आहे.

तपासणाऱ्याला काय दिसतं ते एका उदाहरणावर दाखवतो. प्रश्न आहे, शंकूच्या तळाचा व्यास १२ सेमी, उंची ८ सेमी, वक्रपृष्ठफळ काढा, पाय ३.१४ घ्या. एका मुलाने डोक्यात आणि रफमध्ये सगळं करून फक्त लिहिलं "१८४.४". दुसरीने लिहिलं: त्रिज्या ६, उंची ८, तिरकस उंचीचा वर्ग म्हणजे ३६ अधिक ६४ बरोबर १००, म्हणून तिरकस उंची १०, वक्रपृष्ठफळ बरोबर पाय गुणिले त्रिज्या गुणिले तिरकस उंची, ३.१४ × ६ × १०, बरोबर १८४.४. दोघांचंही उत्तर चूक आहे, यायला हवं १८८.४ चौरस सेमी. दोघांना गणित सारखंच येतं, गुणाकारातली चूकही सारखीच. पण पहिल्याला मी इच्छा असूनही काही देऊ शकत नाही, कारण १८४.४ कुठून आलं हे मला कळायला मार्गच नाही. दुसरीचा सूत्राचा मार्क आहे, तिरकस उंचीचा आहे, किंमत घालण्याचा आहे, जातो तो फक्त शेवटचा. तीन-चार मार्कांच्या प्रश्नात हा एवढा फरक पडतो, आणि पेपरभर असं सात-आठ ठिकाणी झालं तर तुझे ५८ चे ७० इथेच होतात.

म्हणून सवय ही की सूत्र आधी शब्दात किंवा अक्षरात लिहायचं, मग पुढच्या ओळीत किंमती घालायच्या, मग आकडेमोड. एका ओळीत एकच काम. कंस सोडवणं आणि पद दुसऱ्या बाजूला नेणं एकाच ओळीत केलं की चिन्ह जातंच जातं, ज्यांच्या यादीत चिन्हाच्या चुका जास्त आहेत त्यांनी तर एवढं एकच पाळून बघावं. बरोबरची चिन्हं एकाखाली एक ठेव. मुलांना वाटतं यात वेळ जातो, पण लिहायला लागतात काही सेकंद, चूक शोधायला लागतात मिनिटं.

शंकूच्याच गणितात अजून एक बघण्यासारखं आहे. जर चुकून व्यास म्हणजेच त्रिज्या धरली, १२, तर तिरकस उंचीचा वर्ग येतो १४४ अधिक ६४, म्हणजे २०८. याचं वर्गमूळ सरळ येत नाही. इथे थांबायला हवं. शाळेच्या पेपरात आकडे शक्यतो जुळवून दिलेले असतात, ६-८-१० सारखे, तर असा वाकडा आकडा आला की पुढे रेटण्याआधी प्रश्न परत वाच. नेहमीच चूक असेल असं नाही, सांख्यिकीत किंवा मुद्दाम दशांश मागितलेल्या प्रश्नात वाकडी उत्तरं येतातच, पण परत वाचायला दहा सेकंद लागतात तेवढे घालवायचे.

प्रश्न वाचणं हा वेगळाच विषय आहे. पेन्सिल घेऊन वाच. दिलेले आकडे गोल कर, आणि शेवटी काय मागितलंय त्याखाली रेघ. व्यास की त्रिज्या, वक्रपृष्ठफळ की एकूण पृष्ठफळ, मीटर आहे की सेंटीमीटर, "दोन दशांश स्थळांपर्यंत" म्हटलंय का. क्षेत्रफळात १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेमी होतात, १०० नाही, आणि इथे दर वर्षी कुणी ना कुणी अडकतं, म्हणून एककं पहिल्याच ओळीत सारखी करून घ्यायची, शेवटी बदलू म्हणून ठेवायची नाहीत.

शाब्दिक उदाहरणात तर मागितलंय काय हेच विसरतं. समजा असं आहे, २४० किमी अंतर, गाडीचा वेग नेहमीपेक्षा ताशी १० किमीने वाढवला तर २ तास वाचतात, वाढवलेला वेग किती? नेहमीचा वेग क्ष धरला की समीकरण येतं क्ष² + १०क्ष − १२०० = ०, उत्तरं ३० आणि −४०. इतकं छान सगळं करून पोरं "वेग = ३०" लिहून पुढच्या प्रश्नाला जातात. मागितला होता वाढवलेला वेग, ४०! यावर उपाय म्हणजे पहिली ओळ पूर्ण वाक्यात लिहायची, "समजा गाडीचा नेहमीचा वेग ताशी क्ष किमी आहे", आणि शेवटची ओळही पूर्ण वाक्यात, प्रश्नातलेच शब्द वापरून, "म्हणून वाढवलेला वेग ताशी ४० किमी आहे". शेवटचं वाक्य लिहिताना प्रश्न परत बघावाच लागतो आणि तिथेच चूक पकडली जाते. मधे −४० का सोडलं तेही लिही, "वेग ऋण नसतो म्हणून". एवढ्याशा ओळीला बऱ्याच ठिकाणी मार्क असतो आणि तो फुकट जातो. आणि ताळा शब्दांवर घे, समीकरणावर नको. ताशी ३० ने २४० किमीला ८ तास, ताशी ४० ने ६ तास, दोन तास वाचले, जमलं. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर समीकरणात उत्तर घालून बघण्यात काहीच अर्थ नाही, ते जुळणारच.

आता या ताळ्याबद्दलच जरा सविस्तर लिहितो, कारण मला विचारशील तर ५५ वाला आणि ७५ वाला यांच्यात सगळ्यात मोठा फरक इथे असतो. "पेपर झाल्यावर सगळं एकदा तपासून बघ" असं सगळे सांगतात, पण तपासायचं म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. मग मुलं लिहिलेलं परत वाचतात. वाचताना आपलीच चूक दिसत नाही, कारण ज्या विचाराने ती ओळ लिहिली त्याच विचाराने आपण ती वाचतो. तपासायचं ते दुसऱ्या वाटेने.

एकसामयिक समीकरणांचं घे. ३क्ष + २य = १६ आणि २क्ष − य = ६. दुसऱ्यावरून य = २क्ष − ६, ते पहिल्यात घातलं, ७क्ष − १२ = १६. इथे बारा दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह चुकलं आणि ७क्ष = ४ झालं. क्ष = ४/७, मग य = −३४/७. आता हुशार मुलगी ताळा घेते दुसऱ्या समीकरणात: ८/७ अधिक ३४/७, बरोबर ४२/७, म्हणजे ६. जुळलं! आणि खूश होऊन पुढे जाते. पण य तर त्याच समीकरणातून काढला होता, तिथे तो जुळणारच होता. पहिल्यात घालून बघितलं असतं तर १२/७ वजा ६८/७ म्हणजे −८ आलं असतं, १६ च्या जवळपासही नाही. बरोबर उत्तर क्ष = ४, य = २. तर नियम असा की ज्यातून किंमत काढली नाही त्या समीकरणात ताळा घ्यायचा, आणि वेळ असेल तर दोन्हीत.

वर्गसमीकरणाला मुळांची बेरीज आणि गुणाकार. २क्ष² − ७क्ष + ३ = ० ची मुळं ३ आणि १/२ आली तर बेरीज ७/२, गुणाकार ३/२, समीकरणाकडे नुसतं बघून दोन्ही जुळतात का कळतं, पाच सेकंदांचं काम. सूत्राने सोडवताना नेहमीची चूक म्हणजे मधला सहगुणक −७ असताना सूत्रातलं "वजा बी" म्हणून −७ च लिहिणं, तिथे बेरीज −७/२ येते आणि लगेच उघडं पडतं. अंकगणिती श्रेढीत ५, ८, ११... चं विसावं पद म्हणून कुणी ६५ काढतं, कारण २० ने गुणलं, १९ ने गुणायला हवं होतं, उत्तर ६२. सूत्राबद्दल शंका आली तर दुसरं पद काढून बघ, ८ येतंय का. सूत्र आठवण्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा लहान आकड्यावर चालवून बघणं कधीही चांगलं, हे जवळजवळ प्रत्येक प्रकरणात चालतं.

त्रिकोणमितीत आधी अंदाज बांध मग सोडव. मनोऱ्यापासून २० मीटरवर उभं राहिलं, उन्नत कोन ६०°. कोन ४५° पेक्षा मोठा आहे म्हणजे उंची अंतरापेक्षा जास्तच असणार. ११.५५ मीटर आलं तर टॅन ६० च्या जागी टॅन ३० घातलंय किंवा भागाकार उलटा झालाय, बरोबर उत्तर ३४.६४ च्या आसपास. संभाव्यता एकाच्या वर गेली, मध्य सगळ्यात मोठ्या वर्गाच्याही बाहेर गेला, कर्ण बाकीच्या बाजूंपेक्षा लहान आला, की थांबायचं, अशा गोष्टी नुसत्या नजरेने कळतात.

कॅल्क्युलेटर नसेल तर मोठ्या गुणाकाराला नवाचा ताळा अजूनही उत्तम. ३४७ × २८ = ९७१६ लिहिलंय. ३+४+७ म्हणजे १४, म्हणजे ५. २+८ म्हणजे १०, म्हणजे १. पाच एके पाच. उत्तराचे अंक ९+७+१+६ म्हणजे २३, म्हणजे ५. जुळलं. फक्त एक लक्षात ठेव, अंकांची अदलाबदल झाली, ९७६१ लिहिलं, तर या ताळ्याला ते कळत नाही कारण बेरीज तीच राहते. त्यासाठी शेवटचा अंक बघ, सात आठे छप्पन, म्हणजे शेवटी ६ हवा.

हे सगळे ताळे पेपर संपल्यावर करायचे नाहीत. ज्या त्या प्रश्नाच्या शेवटी, गणित डोक्यात ताजं असताना, दहा-पंधरा सेकंदांत. शेवटची वीस मिनिटं राहिली तर त्यात फक्त अवघड गेलेले प्रश्न आणि उतरवण्याच्या चुका बघायच्या: प्रश्नपत्रिकेतला आकडा आणि तुझ्या पहिल्या ओळीतला आकडा, पान उलटल्यावरची पहिली ओळ, रफमधून आणलेला आकडा. रफ काम शेवटच्या पानावर करण्यापेक्षा त्याच पानावर उजवीकडे रेघ मारून कर (तुमच्याकडे चालत असेल तर), उतरवण्याच्या निम्म्या चुका तिथेच थांबतात.

वेळेचं आता. तुझा पेपर तीन तासांचा असेल तर १८० मिनिटं, ८० मार्क. त्यातली २० मिनिटं बाजूला काढ, १६० उरली, म्हणजे एका मार्काला २ मिनिटं. चार मार्कांच्या प्रश्नाला ८ मिनिटं. वेगळा पेपर असेल तर असाच हिशोब करून तुझा आकडा काढ आणि तो तोंडपाठ ठेव. प्रत्येक प्रश्नाला घड्याळ बघत बसायचं नाही, त्याने उलट घाबरायला होतं, पण मधे दोन-तीन ठिकाणी बघायचं, ४० मार्कांचं झालं तेव्हा ८० मिनिटांच्या आसपास आहोत का.

वेळ न पुरण्याचं खरं कारण मी बघितलंय ते हळू लिहिणं क्वचितच असतं. एका प्रश्नावर अडून बसणं हे असतं, विशेषतः हुशार मुलांचं, कारण त्यांना सोडून देणं अपमान वाटतं. दोन मार्कांच्या प्रश्नाला पंधरा मिनिटं देऊन शेवटी चार-चार मार्कांचे दोन प्रश्न कोरे राहतात. दोन मिनिटं झाली आणि कागदावर नवीन ओळ उमटली नाही तर जागा सोडायची, समोर खूण करायची आणि पुढे जायचं. परत आल्यावर बऱ्याचदा लगेच सुचतं. आणि कुठल्याही प्रश्नातले पहिले मार्क सगळ्यात स्वस्त असतात, आकृती, दिलेली माहिती, सूत्र, किंमती. शेवटचा मार्क सगळ्यात महाग. म्हणून एक प्रश्न पूर्ण कोरा ठेवून दुसऱ्याच्या शेवटच्या मार्कासाठी भांडणं हा तोट्याचा व्यवहार आहे. येत नाही असं वाटणाऱ्या प्रश्नालाही आकृती काढ, माहिती लिही, लागू पडेल ते सूत्र लिही.

खोडण्याबद्दल पण एक. चुकलंय असं वाटलं तरी नवीन उत्तर लिहून होईपर्यंत जुनं खोडू नको. मी पेपरात बघतो, पूर्ण बरोबर सोडवलेलं गणित आडव्या रेघांनी खोडलेलं असतं आणि त्यापुढे काहीच नसतं, वेळ संपलेला. बघून वाईट वाटतं खरंच. नवीन झालं की मग एकच रेघ मारायची, गिचमिड नाही.

भूमितीच्या सिद्धतेत मार्क जातात ते कारणांचे. प्रत्येक विधानासमोर कारण हवंच, आणि "दिसतंय" हे कारण होत नाही. जे सिद्ध करायचंय तेच मधे गृहीत धरणं ही मोठी चूक, त्रिकोणमितीच्या नित्यसमानतेतही तेच होतं, दोन्ही बाजू बरोबर आहेत असं धरूनच तिरकस गुणाकार करतात. एक बाजू घ्यायची, बहुधा जी जास्त गुंतागुंतीची आहे ती, आणि दुसरीपर्यंत न्यायची. समरूप त्रिकोणांत शिरोबिंदूंचा क्रम जुळवून लिही, क्रम चुकला की पुढची सगळी गुणोत्तरं चुकतात. रचनेत कंपासचे चाप पुसू नको, तुझी रीत दाखवणारं तेवढंच असतं. सिद्धता अर्ध्यात अडली तर शेवटाकडून विचार कर, हे सिद्ध व्हायला आधी काय लागेल, त्याला काय लागेल, हे रफमध्ये उलटं जा आणि मग फेअरमध्ये सरळ लिही.

आता तुझा मूळ प्रश्न, किती प्रॅक्टिस. किती यापेक्षा कशी हे महत्त्वाचं. तू लिहिलंयस की धड्यामागचे सगळे सरावसंच सोडवून होतात. पण धड्यामागच्या संचात कुठली रीत वापरायची हे आधीच ठरलेलं असतं, वर्गसमीकरणाच्या धड्यात वर्गसमीकरणच येणार. पेपरात सगळ्यात पहिलं काम असतं हे ओळखायचं की हे गणित आहे कुठलं, आणि नेमकी त्याचीच सवय घरी होत नाही. यावर रोहरर आणि टेलर यांचा २००७ सालचा एक अभ्यास आहे. घनाकृतींच्या घनफळाची गणितं एका गटाला प्रकारवार दिली, दुसऱ्याला सगळे प्रकार मिसळून. सराव करताना प्रकारवारवाले पुढे होते, ८९ टक्के बरोबर, मिसळवाले ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तर उलटं झालं, मिसळवाले ६३ टक्के आणि प्रकारवारवाले २० टक्के. छोटा अभ्यास होता आणि मुलं कॉलेजची होती, पण मी वर्गात जे बघत आलोय त्याच्याशी हे जुळतं. "घरी येतं, पेपरात येत नाही" याचं मोठं कारण हे आहे.

म्हणून नवीन धडा शिकताना प्रकारवार कर, त्याशिवाय हात बसत नाही. पण धडा झाला की मिसळून. जुन्या पेपरांमधले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिही, रोज सात-आठ काढ. काही दिवस तर सोडवायचेसुद्धा नाहीत, फक्त चिठ्ठी वाचून रीत कुठली आणि पहिली ओळ काय एवढंच लिहायचं, पंधरा मिनिटांत वीस प्रश्न होतात. सोडवताना अडलं तर लगेच उत्तर उघडू नको, आणि उघडलंस तर वाचून "हां, असं होतं का" म्हणून पुढे जाऊ नको, बंद करून पूर्ण लिही, आणि आठवड्याने तोच परत कर.

आणि आठवड्यातून एकदा पूर्ण पेपर, घड्याळ लावून, एका बैठकीत, मोबाइल दुसऱ्या खोलीत. तो लगेच तपासू नको, दुसऱ्या दिवशी मार्किंग स्कीम घेऊन बस आणि परक्या मुलीचा पेपर असल्यासारखा तपास. तुला काय म्हणायचं होतं ते विसर, कागदावर जे आहे त्यालाच मार्क दे. सुरुवातीला स्वतःलाच कमी मार्क द्यावे लागतील, ते ठीक आहे. चुका वर सांगितल्या तशा नावानिशी यादीत घाल, आणि पुढच्या पेपराआधी यादीतली सगळ्यात जास्त वेळा आलेली एकच चूक निवड आणि त्या पेपरात फक्त तीच होऊ द्यायची नाही असं ठरव. एका वेळी पाच गोष्टी सुधारायला गेलीस तर एकही होणार नाही. दोन-तीन पेपरांत ती यादीतून खाली जाते, मग पुढची.

किती वाढतील मार्क ते मी सांगू शकत नाही, ते तुझ्या त्या पहिल्या चाचणीत किती प्रश्न वेळ न लावता सुटले त्यावर आहे. जितके तिथे सुटले तितके मिळवण्यासारखे आहेत.

राहिला आदल्या दिवसाचा प्रश्न. नवीन प्रकार अजिबात उघडू नको. सूत्रं आठवून कोऱ्या कागदावर लिही, मग पुस्तकाशी ताडून बघ, राहिली ती परत लिही. चुकांची यादी एकदा वाच. सोपी चार-पाच गणितं पूर्ण स्टेपसकट लिहून काढ, हात चालता राहावा म्हणून. कंपासपेटी बघ, पेन्सिलीला टोक, पेनं दोन, घड्याळ चालू आहे ना. आणि जागरण करू नको, आकडेमोडीत झोप लगेच दिसते. सकाळी पेपर हातात आला की पहिली पाच मिनिटं पेन न उचलता पूर्ण वाच, येणाऱ्या प्रश्नांसमोर बारीक खूण कर आणि त्यातल्या एखाद्यापासूनच सुरुवात कर, मग तो प्रश्न कितव्या नंबरचा का असेना, फक्त उत्तरासमोर प्रश्नाचा नंबर बरोबर लिही.